गावचा पोरगा खाकी घालतो तेव्हा

(वनहक्क समित्यांच्या तालुका बैठकीत झालेले हे भाषण. बोलणे शक्यतो जसे झाले तसेच उतरवून घेतले आहे. वाचणारे कमी आहेत अशा गावांत हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)

बायांनो, दादांनो, आणि मागे झाडाखाली उभ्या असलेल्या पोरांनो, तुम्ही जरा पुढं या. आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

गेल्या दोन-तीन बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. पोरं विचारतात, होमगार्डमध्ये जाऊ का? कुणी विचारतो, पोलीस पाटलाची जागा निघाली आहे, अर्ज भरू का? आणि सरहद्दीकडच्या गावांतले लोक विचारतात, पलीकडे छत्तीसगडमध्ये आपल्या सोयऱ्यांच्या पोरांना सरकारनं बंदुका दिल्या होत्या, मग २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं काढून घ्यायला सांगितल्या, ते नेमकं काय झालं? हे सगळे प्रश्न एकाच गोठ्यातले आहेत. पोलिसांच्या मदतीला गावातल्या माणसानं उभं राहावं का, आणि राहायचंच तर कोणत्या अटीवर?

पहिलं सांगून टाकतो. अर्ज भरणाऱ्या पोराला कुणी शिव्या देऊ नका. मोह सरतो, तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांत आटोपतो, धान झोडून झालं की हात रिकामे. रोजगार हमीचं काम निघालं तरी मजुरी हातात पडायला महिने लागतात. अशा वेळी कुणी गणवेश देतो, बूट देतो, कामाच्या दिवसाचे पैसे देतो म्हटलं तर पोरगा जाणारच. त्यात लोभ नाही, गरज आहे. गावात दारू गाळणाऱ्याला आवर घालावा, रात्री लाकडाचे ट्रक भरणाऱ्याला अडवावं, असंही कित्येक पोरांच्या मनात असतं. ती चांगलीच गोष्ट आहे. म्हणून "जाऊ नको" एवढं सांगून मी खाली बसणार नाही. जायच्या आधी काय बघायचं ते सांगतो.

चार वेगवेगळी कामं, त्यांची मिसळ करू नका

खाकी दिसली की आपण सगळ्यांना पोलीस म्हणतो. पण त्यात चार जाती आहेत.

एक, पोलीस शिपाई. त्याची भरती होते, पूर्ण प्रशिक्षण होतं, पगार, रजा, पेन्शन असतं. चूक केली तर चौकशी होते, आणि चौकशीशिवाय त्याला सहज काढता येत नाही. तो नोकर आहे, स्वयंसेवक नाही.

दोन, होमगार्ड. ही संघटना आपल्या मुंबईतच सुरू झाली, ६ डिसेंबर १९४६ ला. तेव्हा शहरात दंगे चालू होते, पोलीस पुरत नव्हते, म्हणून नागरिकांतून माणसं घेतली. पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्यासाठी कायदा झाला. होमगार्ड हा स्वयंसेवक. त्याला महिन्याचा पगार नाही. बोलावलं त्या दिवसाचा भत्ता. निवडणूक, जत्रा, गणपती, पूर, अशा वेळी बंदोबस्ताला बोलावतात. पण लक्षात ठेवा, कामावर बोलावलेल्या होमगार्डला कायद्यानं पोलिसासारखेच अधिकार असतात. म्हणजे अधिकार पोलिसाचे, पोट मात्र रोजंदाराचं.

तीन, पोलीस पाटील. पूर्वी पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची. ती वतनं गेली. आता १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याखाली प्रांत साहेब त्याची नेमणूक करतात, त्याला मानधन मिळतं. गावातली खबर देणं, गुन्हा होऊ नये म्हणून बघणं, पोलिसाला आणि दंडाधिकाऱ्याला मदत करणं, हे त्याचं काम. तो गावात राहतो, गावाचा असतो, पण त्याचा साहेब गावाबाहेर असतो. आपल्या जिल्ह्यात या एका खुर्चीपायी किती माणसांचा जीव गेला ते तुम्हाला मी सांगायला नको. खबऱ्या ठरवून पोलीस पाटलांना मारलं गेलं, कित्येकांनी भीतीनं राजीनामे दिले.

चार, विशेष पोलीस अधिकारी. इंग्रजीत एसपीओ म्हणतात. नाव सगळ्यात मोठं आणि हातात सगळ्यात कमी. बाकी बोलणं मुख्यतः याच्यावरच करायचं आहे.

हा कायदा कुठून आला

१८५७ चा उठाव झाला आणि चार वर्षांनी, १८६१ मध्ये, इंग्रजानं पोलीस कायदा केला. त्याच्या कलम १७ मध्ये लिहिलं आहे की दंगा होईल असं वाटलं आणि पोलीस पुरत नसले तर मॅजिस्ट्रेटनं आसपासच्या रहिवाशांनाच विशेष पोलीस म्हणून नेमावं. आणि कलम १९ काय म्हणतं? नेमलेल्या माणसानं सबळ कारणाशिवाय नकार दिला तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे पन्नास रुपये! म्हणजे हे "स्वयंसेवक" मुळात हुकमाचे होते. गावाला गावावर नजर ठेवायला लावायचं, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

आपल्या राज्यात १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. त्याच्या कलम २१ मध्येही विशेष पोलीस अधिकारी आहे. अठरा ते पन्नास वयाचा धडधाकट पुरुष, लेखी हुकूम, साहेबाची सही आणि शिक्का, आणि हातात प्रमाणपत्र. पण कशासाठी? दंगा किंवा शांततेचा मोठा भंग होईल अशी धास्ती असेल आणि नेहमीचे पोलीस अपुरे पडत असतील, तेव्हा त्या प्रसंगापुरता. प्रसंग संपला की काम संपलं. कायद्यात हे एका वेळेचं काम आहे. वर्षानुवर्षं बंदूक घेऊन जंगलात फिरण्याचं नाही.

पलीकडे काय झालं

इंद्रावतीच्या या काठाला आपण, त्या काठाला बस्तर. मधे राज्याची सरहद्द आहे, पण माडिया माणसाच्या सोयरिकीला सरहद्द नाही. म्हणून तिकडची गोष्ट परक्याची समजू नका.

२००५ च्या जूनच्या सुमारास तिकडे सलवा जुडूम सुरू झालं. सरकार म्हणालं, लोक आपणहून नक्षलवाद्यांच्या विरोधात उठलेत. प्रत्यक्षात गावंच्या गावं रिकामी झाली. काही लोक रस्त्याकडेच्या छावण्यांत आले, काही जंगलात पळाले, काही आंध्रात गेले. घरं जळाली, शेतं पडीक राहिली. आणि या सगळ्यात आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलं. नेमणूक छत्तीसगडच्या २००७ च्या पोलीस कायद्याखाली दाखवली. मानधन महिन्याला ३००० रुपये, आणि त्यातला मोठा वाटा दिल्लीहून येत होता.

शिक्षणाची अट काय? पाचवी पास असेल तर प्राधान्य. प्रशिक्षण किती? दोन महिने. त्या दोन महिन्यांत बंदूक, कवायत, प्रथमोपचार. आणि कायदा? कायद्यासाठी २४ तासिका. त्यातच भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा, सगळं. मानवी हक्क आणि संविधानाला १२ तासिका. आता मला सांगा, वकील वर्षानुवर्षं शिकतो ते पाचवी शिकलेल्या पोराला चोवीस तासिकांत कळेल? कळणार नाही हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याला कायदा शिकवायचाच नव्हता. त्याला गावाची वाट, नाल्याचा उतार आणि माणसांचे चेहरे ठाऊक होते, तेवढंच हवं होतं.

२०११ च्या मार्चपर्यंत अशा पोरांची संख्या ६५०० झाली. छत्तीसगड सरकारनं स्वतःच कोर्टात सांगितलं की १७३ एसपीओ मारले गेले. आणि सुमारे १२०० जणांना बेशिस्त किंवा कामात कसूर म्हणून काढून टाकलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. मेला तर गावचा पोरगा मेला. जगला आणि नको झाला तर घरी पाठवला. आणि घरी कुठं पाठवला? ज्या गावात त्यानं बंदूक घेऊन दारं ठोठावली, त्याच गावात.

कोर्ट काय म्हणालं

नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा आणि इ. ए. एस. सर्मा यांनी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. ५ जुलै २०११ ला न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती सुरिंदर सिंग निज्जर यांनी निकाल दिला. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सांगतो.

कोर्टानं म्हटलं की कमी शिकलेल्या आदिवासी पोरांना थोडंसं प्रशिक्षण देऊन, नेहमीच्या पोलिसापेक्षा कितीतरी कमी पैशात, तितक्याच किंवा जास्त धोक्याच्या जागी उभं करणं हा संविधानाच्या कलम १४ चा भंग आहे. ते समानतेचं कलम. आणि त्या पोरांच्याच नव्हे, गावातल्या इतर लोकांच्याही जिवाशी हा खेळ आहे, म्हणून कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. माझ्यावर सूड घ्यायचा आहे म्हणून हातात बंदूक घेतो, असं पोरगा म्हणाला तरी सरकारनं त्याचा तो राग वापरून घ्यायचा नसतो, असाही कोर्टाचा रोख होता.

मग हुकूम दिले. नक्षलवाद्यांशी लढण्याच्या कामात एसपीओ वापरणं ताबडतोब बंद करा. दिलेली हत्यारं परत घ्या. दिल्लीनं त्यासाठी पैसे देऊ नयेत. आणि ज्यांनी हे काम केलं त्यांच्या जिवाला आता धोका आहे, म्हणून त्यांना संरक्षण द्या. आपत्तीत मदत करणं, रस्त्यावरची वाहतूक सांभाळणं, अशा कामांना मनाई केलेली नाही. म्हणजे कोर्टाचा राग स्वयंसेवकावर नाही. स्वयंसेवकाच्या नावाखाली स्वस्तात शिपाई उभा करणाऱ्यावर आहे.

आता पुढं काय झालं तेही ऐका. निकाल लागल्यावर त्याच महिन्यात छत्तीसगड सरकारनं अध्यादेश काढला आणि साहाय्यक सशस्त्र पोलीस दल नावाचं नवं दल केलं. जुनी पोरं नव्या नावाखाली घ्यायची ही वाट. नाव बदललं तर बोर्ड बदलतो. काम तेच राहिलं की नाही, ते बघायला हवं. म्हणून आपण नाव बघून फसायचं नाही. "साहाय्यक", "विशेष", "स्वयंसेवक", "रक्षक", "मित्र", कुठलाही शब्द येवो, आपले प्रश्न तेच.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

पोरांनो, हे लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर पाठ करा.

पहिला. नेमणूक कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? लेखी हुकूम मिळणार का? तोंडी बोलावणं आलं तर जाऊ नका. कागद नसलेला माणूस मेला तर सरकारच्या दप्तरी तो कुणीच नसतो.

दुसरा. काम काय? बंदोबस्त, जत्रा, पूर, वाहतूक? की रात्री वाट दाखवायला चल, घर दाखव, नाव सांग? पहिलं काम नागरिकाचं आहे. दुसरं काम म्हणजे सोयऱ्याला बोट दाखवणं. ते बोट पुन्हा खिशात जात नाही.

तिसरा. हत्यार देणार का? देणार असतील तर विचारा की हे काम पूर्ण पगारी पोलिसाचं का नाही. बंदूक देण्याइतका मी लायक असेन, तर शिपाई म्हणून भरती करा.

चौथा. जखमी झालो तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? मेलो तर घरच्यांना काय, आणि ते कुठल्या कागदावर लिहिलं आहे?

पाचवा. सोडायचं झालं तर कसं सोडायचं? आणि सोडल्यावर मला गावात राहायचं आहे, त्याची जबाबदारी कुणाची?

सहावा, आणि आपल्या संघटनेच्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा. जमिनीच्या प्रश्नावर मला आपल्याच गावासमोर उभं करणार का? ३ मे २००२ ला दिल्लीहून जंगलातली अतिक्रमणं काढायचा आदेश निघाला होता, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा किती ठिकाणी उभी पिकं आणि झोपड्या गेल्या. उद्या पुन्हा असं काही आलं आणि बंदोबस्ताला तुझी पाळी लागली तर? ज्या शेतात तुझ्या आईनं धान रोवलं, तिथं काठी घेऊन तुला उभं केलं तर? हुकूम मोडला तर शिक्षा, पाळला तर तोंड दाखवायला जागा नाही. हा पेच त्या दिवशी सुटत नसतो. सहीच्या आधी सोडवावा लागतो.

त्यासाठी एक गोष्ट प्रत्येकानं ध्यानात ठेवावी. वनहक्क कायद्याचं कलम ४, पोटकलम ५. दाव्याची पडताळणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत वनात राहणाऱ्या आदिवासीला किंवा इतर पारंपरिक वननिवासीला त्याच्या कब्जातल्या जमिनीवरून हलवता येत नाही. हे होमगार्डच्या पोरालाही माहीत असू द्या आणि त्याच्या साहेबालाही तो सांगू शकू द्या.

खाकी घातलीच तर

काही जण जाणारच. त्यांना सांगणं आहे. अधिकार पोलिसाचे असतील तर बंधनंही पोलिसाचीच लागतात. "मी तर स्वयंसेवक, मला साहेबानं सांगितलं" हे कोर्टात चालत नाही.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच निकड असेल तर महिला पोलीस अधिकारी, आणि तीही मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. साक्षीसाठी बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या पोराला ठाण्यावर बोलावता येत नाही, विचारायचं तर त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याच्या नावाची पाटी दिसली पाहिजे आणि अटकेचा कागद घरच्या किंवा गावच्या साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसूंच्या प्रकरणात सांगितलं. कुणालाही मारायचा अधिकार कुठल्याच कायद्यात नाही. तुझ्यासमोर कुणी मारत असेल तर तू नुसता उभा राहिलास तरी गाव ते विसरत नाही.

गावानं काय करायचं

आता मोठ्या माणसांना सांगतो. गावातला पोरगा होमगार्ड झाला, कुणी पोलीस पाटील झाला, तर त्याला वाळीत टाकू नका. त्याला ग्रामसभेत बोलवा. कोणतं काम करणार, कोणतं करणार नाही, हे त्यानं गावासमोर बोलावं आणि इतिवृत्तात लिहावं. असं केलं की त्याच्यावरही उगाच संशय येत नाही. दोन बंदुकांच्या मधे उभ्या असलेल्या गावात, उघड बोललेली गोष्ट ही सगळ्यात मोठी ढाल आहे. कुजबुजीनं माणसं मरतात.

आणि दुसरं. गावाचं रक्षण करायला खाकीच लागते हे मनातून काढा. फौजदारी प्रक्रियेचा कायदा बघा. डोळ्यांसमोर कुणी दखलपात्र आणि बिनजामिनी गुन्हा केला तर साधा नागरिकसुद्धा त्याला पकडू शकतो, फक्त उशीर न करता पोलिसाच्या ताब्यात द्यायचा. मारायचं नाही, बांधून ठेवायचं नाही.

जंगलाचं म्हणाल तर आपल्या हातात त्याहून मोठं आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५ म्हणतं की हक्कधारक आणि ग्रामसभा यांना जंगल, वन्यप्राणी आणि पाण्याचे झरे राखायचा अधिकार आहे. ग्रामसभेनं जंगलात जाण्या-येण्याचा, काय तोडायचं काय नाही याचा ठराव केला तर तो पाळला जाईल हे बघायचाही अधिकार आहे. त्याच्या नियमांत ग्रामसभेनं त्यासाठी समिती नेमावी असंही सांगितलं आहे. जुन्या संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समितीत सचिव वनखात्याचा असायचा, किल्ली त्याच्याकडे. ही समिती ग्रामसभेची, किल्ली आपल्याकडे. पेसा कायदा १९९६ पासून आहे, तोही म्हणतो की आपली रीत, आपली साधनसंपत्ती आणि तंटे मिटवायची आपली पद्धत जपायला ग्रामसभा समर्थ आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण ते जंगल गाव त्याच्या कितीतरी आधीपासून राखत होतं. कुणाच्या गणवेशानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं आणि पाळीपाळीनं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच.

दारूचंही तसंच आहे. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बायांनी आणि गावांनी आंदोलन करून मिळवली. जिथं गाव एक आहे तिथं दारू बंद झाली, जिथं गाव फुटलं तिथं ठाणं जवळ असूनही चालू राहिली.

तेव्हा पोरांनो, सेवा करायची इच्छा आहे ना? मग आधी ग्रामसभेच्या वनरक्षण समितीत नाव घाला. रात्री पाळीला चला. ट्रकचा नंबर टिपा. दाव्याच्या नकाशासाठी साखळी धरा. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्या. त्यानंतरही होमगार्डमध्ये जायचं असेल तर आज सांगितलेले सहा प्रश्न घेऊन जा, आणि उत्तरं लेखी घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं दोन गोष्टी लिहून आणायच्या. आपल्या गावात होमगार्ड, पोलीस पाटील किंवा दुसऱ्या कुठल्या नावानं किती जण काम करतात आणि त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद आहे का. आणि कलम ५ खालची समिती नेमल्याचा ठराव झाला आहे का. नसेल तर येत्या ग्रामसभेत करा. कोरम पुरा करा, बायांच्या सह्या घ्या, एक प्रत तहसीलला पोचवा आणि पोच घ्या.

जोहार!